बासष्ट-झिरो-तीनची गोष्ट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बैलगाडीखाली टांगलेलं वंगणाचं नळकांडं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना बेअरिंगची गरज वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आसावर चाक फिरतं, फिरताना घासतं, घासताना तापतं आणि कुरकुरतं. चार-सहा कोस गेलं की गाडीवान खाली उतरायचा, खीळ काढायचा, चाक थोडं बाहेर ओढून आसाला वंगण फासायचा आणि पुढं निघायचा. माणसाला चाक सापडलं त्या दिवसापासून हे घासणं त्याच्या मागं लागलं आहे. घासण्याच्या जागी घरंगळणं आणायचं, हा त्यावरचा उपाय. दोन कड्यांच्या मध्ये पोलादाच्या गोळ्या ठेवायच्या आणि त्यांच्यावरून कडं फिरवायचं. आमच्याकडचे मिस्त्री या गोळ्यांना छर्रे म्हणतात.

आज मला अशाच एका लहानशा बेअरिंगविषयी बोलायचं आहे. ते मोटारगाडीच्या बॉनेटखाली, एका पुलीच्या पोटात बसलेलं असतं. बहुतेक मालकांना ते तिथं आहे हेही माहीत नसतं. ज्या दिवशी ते शिट्टी घालू लागतं त्या दिवशी मात्र ओळख होते, आणि ती ओळख कधी शे-दीडशे रुपयांत मिटते, कधी काही हजारांत जाते. हा फरक कशामुळं पडतो, याला एक इतिहास आहे.

आधी त्या पुलीचं काम सांगतो. इंजिनाच्या पुढच्या अंगाला एक रबरी पट्टा असतो. इंजिनाचं फिरणं तो अल्टरनेटरकडे, एसीच्या कॉम्प्रेसरकडे, काही गाड्यांत पाण्याच्या पंपाकडे पोहोचवतो. पट्टा ढिला असला तर घसरतो आणि बॅटरी चार्ज होत नाही. फार ताणला तर बाकीच्या बेअरिंगांवर भार येतो. म्हणून त्याला नेमका ताण देण्यासाठी एक पुली त्याच्यावर दाबून ठेवलेली असते. हीच टेन्शनर पुली. ती स्वतः कुठलंही यंत्र चालवत नाही, नुसती फिरत राहते. पण फिरते फार. तिचा व्यास इंजिनाच्या मुख्य पुलीच्या निम्मा असेल, तर इंजिन मिनिटाला अडीच हजार फेरे घेताना ही पाच हजार घेते. वरून इंजिनाची धग आणि रस्त्याची धूळ. आमच्या धर्माबादकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि मिरचीच्या हंगामात बाजाराच्या आसपासच्या हवेत काय असतं ते तिथून तोंडाला रुमाल लावून गेलेल्यांना ठाऊक आहे. बेअरिंगमधलं ग्रीस आटतं, सील कडक होऊन तडकतं, कचरा आत शिरतो आणि छर्रे वाजू लागतात.

माझ्या जुन्या गाडीत हा आवाज सुरू झाला तेव्हा शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरनं सांगितलं की पुली, तिचा हात आणि स्प्रिंग असा पूर्ण संच बदलावा लागेल. बेअरिंग सुटं येत नाही. किंमत काही हजारांच्या घरात. गावातल्या मिस्त्रीनं पुली काढली, डिझेलच्या फडक्यानं पुसली, उजेडात तिरपी धरली आणि म्हणाला, "सर, हे तर बासष्ट-झिरो-तीन आहे. पाण्याच्या मोटारीतसुद्धा हेच असतं. पुलीला काय झालंय? पुली चांगली आहे." जुनं बेअरिंग दाबून काढलं, नवं बसवलं, आवाज गेला. गाडीच्या कंपनीनं त्या संचाला स्वतःचा लांबलचक पार्ट नंबर दिला होता. आतल्या बेअरिंगच्या अंगावर मात्र साऱ्या जगात चालणारा चार आकड्यांचा नंबर तसाच होता. हा नंबर तिथं कसा आला, तेच पाहू.

छर्ऱ्यांचं बेअरिंग ही कल्पना जुनी आहे. वेल्समधल्या फिलिप वॉन यानं १७९४ साली घोडागाडीच्या आसासाठी तिचं पेटंट घेतलं. पण कल्पना कागदावर असणं आणि हजारो गोळ्या एकाच मापाच्या करता येणं, यांत अंतर असतं. एक छर्रा केसभर मोठा असला तर सगळा भार त्याच एकट्यावर येतो आणि तो फुटतो. या वस्तूला पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं ते सायकलीचं. पॅरिसच्या ज्यूल सुरिरे यानं १८६९ साली सायकलीच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं, आणि त्याच वर्षी पॅरिस ते रूआँ या शर्यतीत असं बेअरिंग असलेली सायकल पहिली आली. पुढं १८८३ साली जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावात फ्रीडरिश फिशर यानं पोलादी गोळ्या घासून एकसारख्या गोल करण्याचं यंत्र तयार केलं. तिथून बेअरिंग ही कारागिराच्या हातातली वस्तू राहिली नाही, कारखान्याची झाली.

यानंतरची गोष्ट स्वीडनमधल्या गोथेनबर्गची आहे, आणि मराठवाड्यातल्या माणसाला ती पटकन समजेल अशी आहे. तिथल्या एका कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा तरुण इंजिनिअर देखभालीचं काम पाहत होता. त्या काळी एकच लांबलचक शाफ्ट छताखालून फिरायचा आणि त्यावरच्या पट्ट्यांवर सगळे माग चालायचे. गिरणी उभी होती चिकणमातीच्या जमिनीवर. जमीन खचायची, इमारत हलायची, शाफ्ट सरळ रेषेत राहायचा नाही आणि बेअरिंगं एकामागून एक जायची. नवी मागवावी लागत परदेशातून, आणि ती येईपर्यंत काम अडून राही. काळ्या जमिनीवर घर बांधलेल्या आपल्या लोकांना हे सांगायला नको. पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीला तडा जातो. विंगक्विस्टनं जमिनीशी भांडण न करता बेअरिंगच बदललं. त्यानं छर्ऱ्यांच्या दोन ओळी आणि आतून गोलाकार कोरलेलं बाहेरचं कडं असं बेअरिंग केलं. शाफ्ट थोडा तिरपा झाला तरी आतलं कडं त्याच्याबरोबर तिरपं होतं आणि फिरत राहतं. १९०७ साली याच बेअरिंगवर एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. शाफ्टच्या तिरपेपणाशी जुळवून घेणारी बेअरिंगं आज आपल्याकडच्या पिठाच्या गिरण्यांत आणि मिरची कांडपाच्या यंत्रांतही सर्रास दिसतात.

जाता जाता एक गंमत. या कंपनीनं बेअरिंगसाठी एक लॅटिन नाव राखून ठेवलं होतं. त्याचा अर्थ 'मी घरंगळतो'. ते नाव म्हणजे व्होल्वो. त्या नावाची मोटार आली १९२७ साली, म्हणजे नाव बेअरिंगचं आणि गाडी मागाहून.

सुरुवातीला प्रत्येक कारखान्याची मापं वेगळी होती. एकाचं बेअरिंग गेलं तर दुसऱ्याचं बसत नसे. ज्याच्याकडून यंत्र घेतलं त्याच्याच दारात जन्मभर उभं राहायचं. हळूहळू मापांचं एक कोष्टक ठरत गेलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याला जगाची मान्यता मिळाली. आंतरराष्ट्रीय मानक संघटना, म्हणजे आयएसओ, १९४७ साली स्थापन झाली. तिच्या अगदी पहिल्या समित्यांपैकी चौथ्या क्रमांकाची समिती बेअरिंगांची आहे. आपली भारतीय मानक संस्था, जिचा आयएसआय हा शिक्का घरोघरी पोहोचला, तीही १९४७ चीच.

हे कोष्टक वाचायला अवघड नाही. ६२०३ हा नंबर घ्या. पहिला ६ सांगतो की हे खोल खोबणीचं, एका ओळीतल्या छर्ऱ्यांचं बेअरिंग आहे. दुसरा २ सांगतो अंग किती भरीव आहे ते. तिथं ३ असता तर त्याच भोकाला जास्त जाड बेअरिंग मिळालं असतं. शेवटचे दोन आकडे भोकाचे. ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. पुढं ०४ पासून सरळ पाचानं गुणायचं: ०४ म्हणजे २०, ०५ म्हणजे २५. तेव्हा ६२०३ चं भोक १७, बाहेरचा व्यास ४० आणि रुंदी १२ मिलिमीटर. हे बेअरिंग जयपूरचं असो, चिंचवडचं असो, जपानचं असो की स्वीडनचं, मापं तीच. शाळा चौथी-पाचवीत सुटलेला मिस्त्रीही हा पाढा तोंडपाठ म्हणतो, आणि त्याच पाढ्याच्या जोरावर कुठल्याही देशाची गाडी उघडतो.

एवढ्याशा वस्तूचं मोल काय असतं ते महायुद्धानं दाखवलं. जर्मनीची बेअरिंगं मुख्यतः श्वाइनफुर्टमध्ये होत. ती बंद पाडली तर विमानं, रणगाडे सगळंच अडेल या हिशेबानं अमेरिकेनं १७ ऑगस्ट १९४३ ला श्वाइनफुर्टवर आणि त्याच मोहिमेत रेगेन्सबुर्गवर बॉम्बफेक केली. १४ ऑक्टोबरला पुन्हा श्वाइनफुर्ट गाठलं. दोन्ही दिवशी अमेरिकेची प्रत्येकी साठ बॉम्बर विमानं पडली. कारखान्यांचं नुकसान झालं, पण जर्मनांनी ते विखरून पुन्हा चालू केले. त्याच काळात ब्रिटन तटस्थ स्वीडनकडून बेअरिंगं विकत घेत होता आणि चपळ मॉस्किटो विमानांतून ती शत्रूच्या टापूवरून आणत होता. ज्याला आपण भंगाराच्या भावात टाकतो त्या कड्यासाठी माणसांनी जीव धोक्यात घातले आहेत.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मनमाड ते सिकंदराबाद ही मीटरगेज लाइन १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून टाकली गेली, आणि धर्माबाद तिच्यावरचं स्टेशन झालं. त्या काळच्या डब्यांच्या आसाला छर्रे नव्हते; धातूची गादी आणि तेलात भिजवलेला लोकरीचा बोळा. तेल सुकलं की आस तापायचा आणि डबा वाटेत सोडावा लागायचा. १९३२ साली निजामाच्या रेल्वेनं आपलं मोटार खातं सुरू केलं, सत्तावीस बस घेऊन. बस आल्या तशी बेअरिंगंही आली, पण भारतात तेव्हा कुणीच बेअरिंग बनवत नव्हतं. एक कडं फुटलं तर नवं समुद्रापलीकडून यायचं.

हे चित्र बदलायला सुरुवात झाली १९४६ साली. जयपूरला नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीज ही कंपनी निघाली आणि १९५० पासून तिथं भारतीय बेअरिंगं तयार होऊ लागली. एनबीसी हा तिचा शिक्का आजही दुकानादुकानात दिसतो. पुढं साठच्या दशकात बडोद्याला जर्मन सहकार्यानं कारखाना निघाला, आणि आपल्या चिंचवडला एसकेएफचा. १९६१ साली असोसिएटेड बेअरिंग कंपनी या नावानं ती नोंदली गेली आणि १९६५ साली उत्पादन सुरू झालं. गोथेनबर्गच्या चिकणमातीत सुरू झालेली गोष्ट अशी पुणे जिल्ह्यात पोहोचली. आयातीवर कडक बंधनं असण्याचा तो काळ. परदेशी यंत्र बंद पडलं तर मूळ कंपनीचा भाग मिळणं दुरापास्त होतं. पण आतलं बेअरिंग नंबराचं असलं की देशी मिळत होतं. आपल्याकडची निम्मी यंत्रविद्या या एका सोयीवर तगून राहिली, असं मला वाटतं.

त्या काळातल्या मोटारींना मात्र टेन्शनर पुलीची गरजच नव्हती. ॲम्बॅसॅडर आणि फियाट यांचा पट्टा ढिला झाला की डायनॅमोचा बोल्ट सैल करायचा, टॉमीनं डायनॅमो बाहेर रेटायचा, बोल्ट आवळायचा, की झालं काम. आतली वेळ साधायला साखळी होती. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर दातेरी टायमिंग बेल्ट घरगुती गाडीत आला. त्याला ताणून धरायला पुली आली. १९९१ नंतर एसी, पॉवर स्टिअरिंग यांचे भार वाढत गेले. पुष्कळ गाड्यांत दोन-तीन आखूड पट्ट्यांऐवजी एकच लांब नागमोडी पट्टा आला आणि त्याला आपोआप ताण देणारा स्प्रिंगचा टेन्शनर आला. सोय झाली, पण दुरुस्तीची जागा अदलाबदलीनं घेतली. कॅटलॉगमध्ये पूर्ण संचाचा नंबर असतो, आतल्या बेअरिंगचा नसतो. पुष्कळदा पुली प्लॅस्टिकची असते आणि बेअरिंगच्या भोवतीच ओतलेली असते.

यातली बोचणी फक्त माझ्या-तुमच्यापुरती नव्हती. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू दिली जात नाही, या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढं अपिलात आणि न्यायालयांत गेलं. पण सुटा भाग मिळणं हा ग्राहकाच्या हिताचा प्रश्न आहे, हे त्या निकालानं कागदावर आणलं. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि मोटारगाड्या ही चार क्षेत्रं तिच्यापुढं होती. शेतीची अवजारं आणि मोटारगाड्या एका यादीत आल्या, हे आमच्या भागाच्या दृष्टीनं योग्यच झालं. ज्या दुकानात ट्रॅक्टरवाला बेअरिंग मागतो, त्याच दुकानात जीपवालाही उभा असतो.

आता व्यवहाराचं बोलतो. स्वस्त आणि टिकाऊ बेअरिंग कसं मिळवायचं? पहिली गोष्ट, जुनं बेअरिंग हातात घेऊन दुकानात जा. सील पुसलं की नंबर दिसतो. नंबर पुसट असला तर व्हर्निअर कॅलिपरनं तीन मापं घ्या: भोक, बाहेरचा व्यास आणि रुंदी. रुंदी विसरू नका. १७ आणि ४० मापाचंच, पण १६ मिलिमीटर रुंदीचं बेअरिंगही असतं आणि त्याचा नंबर ६२२०३ आहे. ते घालायच्या जागी १२ चं घातलं तर पुली पट्ट्याच्या रेषेत राहणार नाही आणि पट्टा कडेनं फाटत जाईल.

दुसरी गोष्ट, नंबराच्या मागची अक्षरं. झेड-झेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं. टू-आर-एस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. आमच्या धुळीला रबरी सील बरं. सी-थ्री म्हणजे छर्ऱ्यांना नेहमीपेक्षा जरा जास्त मोकळीक. इंजिनाजवळ धातू तापून फुगतो, म्हणून ही मोकळीक लागते. पंख्याच्या मोटारीचं आणि या पुलीचं माप एकच असलं तरी आतलं ग्रीस वेगळं असू शकतं. तेव्हा दुकानदाराला नुसता नंबर सांगू नका, 'गाडीच्या पुलीसाठी, गरम जागेचं' असं स्पष्ट सांगा.

तिसरी गोष्ट, बसवताना ठोकाठोकी नको. पुलीत बेअरिंगचं बाहेरचं कडं घट्ट बसतं, म्हणून दाब बाहेरच्या कड्यावरच द्यायचा. आतल्या कड्यावर हातोडा मारला तर तो मार छर्ऱ्यांमधून जातो, खोबणीत बारीक खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी वाजतं. लेथवाल्याकडचा प्रेस किंवा साधा बाकाचा व्हाइस पुरतो.

चौथी गोष्ट नकली मालाची. जो नंबर सगळ्यांचा आहे तो नकली माल करणाऱ्याचाही आहे. जुनी बेअरिंगं चकाकवून, नामांकित कंपनीच्या डब्यात घालून विकली जातात. बड्या कंपन्यांनी डब्यावरचा कोड मोबाईलवर तपासण्याची सोय केली आहे, तिचा उपयोग करा. नांदेडला घ्या, निजामाबादला घ्या की सिकंदराबादच्या राणीगंजमध्ये घ्या, पक्की पावती घ्या. आणि भाव फारच कमी सांगितला तर कारण विचारा.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हे सारं बाहेरच्या पट्ट्याच्या पुलीपुरतं. आतल्या टायमिंग बेल्टच्या पुलीत अशी काटकसर करू नका. तिथली पुली अडकली आणि पट्टा तुटला, तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतो आणि अख्खं इंजिन उघडावं लागतं. तिथं पट्टा आणि टेन्शनर दोन्ही एकदमच, खात्रीचे आणि कंपनीनं सांगितलेल्या किलोमीटरवर बदलावेत. स्वस्त कुठं घ्यावं आणि कुठं घेऊ नये, हे ज्याला कळतं तोच खरा जाणकार मिस्त्री.

हा प्रश्न पैशांपुरताच नाही. एप्रिलमध्ये मिरचीनं भरलेली जीप पुलीपायी दोन दिवस उभी राहिली, तर मालकाचा बाजार हुकतो, हमालाची मजुरी बुडते आणि गावातला मिस्त्री 'शहरात न्या' म्हणण्यापुरता उरतो. दीडशे वर्षांत कितीतरी देशांतल्या लोकांनी मिळून एक मापाचं कोष्टक तयार केलं, ते कुणाही एकाच्या दारात उभं राहावं लागू नये म्हणून. तेव्हा पुली बदलायची वेळ आलीच, तर जुनी पुली मिस्त्रीकडून मागून घ्या, पुसा, आणि आतल्या कड्यावरचा नंबर एकदा स्वतः वाचून पाहा. नंबर सापडला, तर बेअरिंगच्या दुकानात भाव विचारायला पाच मिनिटंही लागत नाहीत.